रमणरावांचं मुसळ

तर लिंबू. काल गोष्ट अर्धी टाकून तुम्ही चहाला उठलात आणि माझं लिंबू तसंच चाकाखाली राहिलं.

आठ महिने राहिलं होतं म्हणा, त्यात एक दिवस इकडेतिकडे! आमच्या समोरच्या घरातल्या रमणरावांनी ती गाडी घेतली तेव्हा पूजा मीच सांगितली होती. माणूस मूळचा पुण्याचा, इथं परदेशात टाकानिनी गावात राहून जुना झालेला, नोकरी पाण्याचे पंप तपासायची. दिवसभर 'यात काय बिघडेल' एवढंच शोधायचं आणि घरी आल्यावरही तेच. चॉकलेटसुद्धा खाल्लं तर 'रक्तदाबाला बरं असतं' म्हणून. नुसतं आवडलं म्हणून काही केलं, असा आळ पन्नाशी उलटेपर्यंत कुणाला त्यांच्यावर घेता आला नव्हता.

आणि एके दिवशी त्यांच्या दारात ट्रेलरवरून उतरली काय, तर अमेरिकन गाडी! साठ-पासष्ट सालातली, कुंकवासारखी लाल, तोंड एवढं लांब की पुढचा दिवा पोचल्यावर चालक पाच मिनिटांनी येणार. आणि डोक्यावर छप्परच नाही. म्हणजे होतं, पण घडी करून मागे ठेवायचं. आमच्या गावी छप्पर उडालं की तलाठी पंचनामा करायचा. इथं त्याचे जास्त पैसे द्यावे लागतात.

माझी नात गार्गी म्हणाली, "आजोबा, इट्स अ मसल कार." मी ऐकलं मुसळ. तरी म्हटलं, नाव बरोबर आहे. जड, लांब, आणि घरात आणल्यावर कुठल्या कोपऱ्यात उभं करायचं ते कळत नाही. तेव्हापासून रस्ताभर तिचं नाव मुसळच पडलं. कोपऱ्यावरचा डेअरीवाला गोरा, पण तोही विचारायचा, "हाऊज द मुसळ?"

"काका, ही गाडी नाही, गुंतवणूक आहे," रमणराव मला म्हणाले. "दरवर्षी किंमत चढते. फक्त किलोमीटर वाढता कामा नयेत."

"म्हणजे चालवायची नाही?"

"छे! चालवली की उतरली."

"मग गाय घ्यायची होती, आणि दूध काढायचं नव्हतं."

ते हसले नाहीत. पंपात बसत नाही ते त्यांना पटकन कळत नाही.

पूजेला नारळ फोडायचा नाही, पाणी रंगावर उडेल. हार घालायचा नाही, दोरा घासेल. राहिलं लिंबू. ते चाकाखाली ठेवलं. पण लिंबू चिरडायचं तर गाडी हलली पाहिजे, आणि गाडी हलली तर मीटर हलेल! मग काय, लिंबू जिथल्या तिथं.

दर रविवारी रमणराव गॅरेजात जाऊन छप्पर मागे घ्यायचे, पट्टा बांधायचे आणि बसायचे. समोर भिंत, भिंतीला शिडी. तोंडावर वारा यावा म्हणून टेबलफॅन लावलेला. त्यांची बायको मृदुला तिथंच चहा नेऊन द्यायची. एकदा मी विचारलं, "कुठवर पोचलात?" तर म्हणाले, "ओटाहुहु." आणि चेहऱ्यावर खरोखर ओटाहुहु मागे टाकल्याचं समाधान!

मृदुलाची छोटी गाडी मात्र बाहेर, उन्हापावसात. एकदा गारा पडल्या आणि तिच्या टपाचं आप्पेपात्र झालं. त्या दिवशी तिनं दिवाळीची मुदत घातली. "गुंतवणूक आहे ना? मग विका आणि गॅरेज मोकळं करा. मौज असेल तर तसं तोंडानं म्हणा, मी गारा सोसते."

तुम्हाला वाटेल, दुसरी अट सोपी आहे. रमणरावांना ते वाक्यच येत नव्हतं हो! त्यांनी जाहिरात दिली, आणि चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही. विचारलं तर म्हणे ॲसिडिटी.

गिऱ्हाईक आलं थेट पोरिरुआहून, दिवसभर ट्रेलर ओढत. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि तोंडात "किया ओरा", म्हणजे इथला रामराम. सांगितलेल्या किमतीला हो म्हणाला. घासाघीस नाही, नाक मुरडणं नाही, असला अडाणी माणूस. फक्त म्हणाला, गाडी चालते तेवढी दाखवा. तो आणि मी मागे बसलो. मृदुला पुढे बसली. म्हणाली, "गॅरेज मोकळं होताना डोळ्यांनी बघायचंय मला."

रमणरावांनी किल्ली फिरवली. समोरचं कुत्रं घरात पळालं. चाक हललं, आणि खालून कडाक्!

"काय तुटलं?" रमणराव पांढरे पडले.

"काही नाही," मी म्हटलं, "मुहूर्त लागला."

आता गंमत बघा. अमेरिकन गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आणि इथले रस्तेही आपल्यासारखे डाव्या बाजूचे. म्हणजे नवरा गटाराच्या कडेला आणि बायको रस्त्याच्या मधोमध. धर्मकार्यात बसवतात तशी मृदुला नवऱ्याच्या उजवीकडे, आणि होमात तुपाऐवजी पेट्रोल. गावाबाहेर पडलो तर पुढे कांद्याचा ट्रक, गोगलगाईच्या चालीनं. ओलांडायचा कसा? रमणरावांना ट्रकच्या पलीकडचं काही दिसेना. मान ताणली, वाकडी केली, परत घेतली. शेवटी एकोणतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "मृदुला, जाऊ का?"

ती जरा बाहेर झुकली. "थांबा."

ते थांबले!

"अजून थांबा."

अजून थांबले. मी मागून बघत होतो, रस्ता पार ओसाड होता. पण एकोणतीस वर्षांनी आलेला प्रश्न, बाई उत्तर घाईनं का देईल?

"हं. आता जा."

मुसळ असं सुटलं की माझी टोपी कांद्यांच्या मागे राहिली. मृदुलाचे केस आभाळाला लागलेले, आणि ती हसतेय. ट्रक मागे पडल्यावर म्हणाली, "त्याला पुढे जाऊ द्या. परत एकदा करू." रमणरावांनी मुकाट्यानं गाडी कडेला घेतली. असं तीनदा झालं. पोरिरुआवाला मागे बसून "स्वीट ॲज, स्वीट ॲज", म्हणजे 'झकास, झकास', करत होता. बिचाऱ्याला वाटत होतं, आपल्याला गाडी दाखवतायत.

घरी आल्यावर त्यानं कागद काढले. "सो, सेलिंग ऑर नॉट, मेट?"

रमणरावांनी एकदा आप्पेपात्राकडे बघितलं, एकदा मृदुलाकडे. ती अजून उजवीकडेच बसलेली, पट्टासुद्धा सोडलेला नव्हता. मलाच राहवेना. म्हटलं, "रमणराव, उखळात डोकं घातलंत, आता मुसळाला काय भिता? एकदाचं सांगून टाका, गुंतवणूक की मौज? विकता की ठेवता?"

तेव्हा ते जे बोलले ते जसंच्या तसं सांगतो:

"मौज आहे हो काका, मौजच आहे. पण ठेवायची की नाही ते हिला विचारा, उजवीकडचं मला काही दिसत नाही."