राखेवाचून अडलेली म्हातारी

समुद्रकाठच्या नरपडहून लग्न होऊन डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले, तेव्हा तांब्यापितळेबरोबर माझी मांजरीही आली. वय विचारू नका. डहाणूला पहिली आगगाडी आली तेव्हा ही फलाटावर बसली होती, असं मी सगळ्यांना सांगायची. खोटं कोण पाडणार? तेव्हाचं दुसरं कुणी शिल्लकच नव्हतं!

क्वार्टरच्या दाराशी रूळ, म्हणून ती घरातच असायची. चिकूच्या खोक्याची एक फळी काढून त्यात चुलीतली राख भरली की म्हातारी अगदी मर्यादेने आपला कार्यक्रम उरकायची. साठ सालाच्या आगेमागे आमच्याकडे रॉकेलचा स्टोव्ह आला आणि राख संपली. नवरा सायकलवरून नरपडला गेला आणि माझ्या आईकडून दोन डबे वाळू घेऊन आला. खोकं भरलं.

आणि अनर्थ सुरू झाला. पहिल्या दिवशी तांदळाच्या कणगीमागे, दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या चटईवर. मग नवऱ्याच्या रेल्वेच्या काळ्या कोटावर. त्या वासाने म्हणे सुरतेकडे निघालेली गाडी डहाणूला न थांबताच पुढे गेली.

"ही मुद्दाम करतेय गो," सासूबाई म्हणाल्या. "सासर सोसत नाहीय तिला. शिकवलंय कुणी कोण जाणे."

कुणी म्हणजे मी. मला मात्र वेगळाच संशय. खोकं सासूबाईंच्या मोरीशेजारी होतं. त्याच लपूनछपून त्यात फिनेल ओतत असणार! मी रोज वाळू हुंगायची. मी वाळू हुंगते हे बघून सासूबाईंचा संशय आणखी पक्का व्हायचा.

नवऱ्याने निकाल लावला. "रविवारी तलासरीची एसटी धरतो. तिकडे रानात सोडून येतो. मोकळी हवा मिळेल तिला."

"अहो, तिला दात किती उरलेत? रानात उंदीर तिलाच खातील!"

"मग माझ्या कोटाचं काय?"

शनिवारी दुपारी सासूबाई जेवून आडव्या झाल्या, आणि मी कणगीमागे दबा धरून बसले. आज फिनेलची बाटली हातात असतानाच धरायची! बराच वेळ झाला. दाराच्या मागे काहीतरी हललं. बघते तर सासूबाई! पदर खोचून, श्वास रोखून, खोक्यावर डोळा ठेवून उभ्या. चटईवर नुसती उशी झोपलेली.

"तू काय करतेस तिथं?"

"आणि तुम्ही, आई?"

तेवढ्यात मांजरी आली, तशा आम्ही दोघी पुन्हा आपापल्या जागी दडलो. तिने खोक्यात तोंड घातलं. हुंगलं. चक्क वाळू चाटली. मग शेपटी पायांभोवती गुंडाळून खोक्यापुढे बसली आणि आशेने ओरडली, मासळीवालीच्या टोपलीपुढे ओरडायची तशी. काही मिळेना, तेव्हा उठून निघाली थेट खुंटीवरून खाली पडलेल्या कोटाकडे.

"अगो बाई," सासूबाई पुटपुटल्या, "ही जेवायला बसलीय!"

आम्ही दोघींनी वाळू उपसली. खवले, सुकटीची डोकी, बोंबलाची शेपटी! जावई न्यायला आलाय म्हणून माझ्या आईने खास, बोंबील वाळत घालतात त्या बांबूच्या वलांड्यांखालची, वर्षानुवर्षं झाडून मऊ झालेली वाळू दिली होती. आणि म्हातारीने उभ्या आयुष्यात जेवणाच्या ताटात घाण केलेली नव्हती.

सासूबाईंनी कोट उचलला, तोंडातल्या तोंडात मांजरीला दोन शिव्या घातल्या आणि कुणाला न विचारता मागच्या दारी तीन विटांची चूल मांडली. "स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेलचा वास मारतो," त्या भिंतीला सांगत होत्या. माझ्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळपर्यंत खोकं राखेने भरलं आणि म्हातारी कुरकुर न करता त्यात जाऊन बसली.

नवरा उद्यासाठी गोणी घेऊन आला. "कुठाय ती?"

"कोण?" सासूबाई भाकरी थापत म्हणाल्या. "आमच्या मांजरीला कुठं न्यायचं नाही."

"आमच्या?" त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सासूबाईंनी मला वाढ म्हणून खूण केली, मी वाढलं. तो भाकरी खात राहिला, आणि प्रत्येक घासागणिक आमच्या दोघींकडे असा बघत होता की जणू पहिल्या दिवसापासून आम्ही दोघींनीच मिळून त्याचा कोट खराब केला होता.