कुंडीतला खुळखुळा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण चहा आला की मी सांगायला सुरुवात करणार आणि मग तुमच्या कपातला सांडेल. भातकुलीला बापाची शेती, जन्म वऱ्हाडातला, आणि राजापेठेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी जे करून बसलो ते गावात सांगायची सोय नाही.

आई तेव्हा आमच्याकडे होती. बाल्कनीत कुंड्यांशेजारी बसून तूर निवडायची, हा तिचा रोजचा उद्योग. एकदा म्हणाली, "दिलीप, खुळखुळा आता दिसतच नाही रे कुठं."

खुळखुळा पाहिलाय का तुम्ही? धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उगवणारं कमरेएवढं झुडूप, पिवळी फुलं, फुगीर शेंगा. वाळल्या की आत बिया वाजतात. मी लहानपणी रडायला लागलो की आई त्या शेंगांचा झुबका माझ्या मनगटाला बांधायची. मी हात हलवायचो आणि रडायचं विसरून जायचो. आता धुऱ्यावर तणनाशक मारतात, खुळखुळा कुठला राहतो?

"एकदा आयकाले भेटला असता," आई म्हणाली. संक्रांतीनंतर ती थोरल्या भावाकडे अकोल्याला जाणार होती. म्हणजे मला तेवढीच मुदत.

धारणीला एका लग्नाला गेलो, तर रस्त्याच्या कडेला हाच खुळखुळा वाळून उभा. जीप थांबवली, खिसाभर शेंगा आणल्या आणि पावसाळा लागताच मोठ्या कुंडीत पेरल्या.

रोपं आली, पण दोन तऱ्हेची. बरीचशी साध्या एकेका पानाची, आणि दोन मात्र तीन-तीन पानांची. झालं, माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी एकेका पानाची सगळी उपटली.

"पाहून उपट रे," आई म्हणाली. तिला मोतीबिंदू, लांबून काही दिसत नव्हतं.

"आई, शेंगाच्या झाडाले तीन पानं असतात. हे तण हाय. तू हात नको लावू, नाजूक रोप हाय."

तण बाल्कनीतून खाली टाकलं. खालच्या मजल्यावरच्या शबाना भाभींचा आवाज आला, "भाईसाब, कचरा ऊपर से कायको फेकते?" मी गुपचूप आत गेलो.

उरलेली दोन झाडं काय फोफावली म्हणता! पिवळी फुलं आली. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, 'दुर्मिळ रानझुडूप'. भावानं नुसता हसरा चेहरा पाठवला. मला वाटलं, कौतुक करून राहिला. शेंगा चपट्या धरल्या, तेव्हा मी म्हटलं, शहराची हवा.

संक्रांत तोंडावर आली. सकाळी आईनं मीठ घालून उकडलेल्या शेंगांची ताटली समोर ठेवली. अर्धी संपवून मी म्हणालो, "मस्त हायेत. कोणं आणल्या?"

"तुह्या खुळखुळ्याच्या."

घास तोंडातच राहिला. तूर! तिच्याच सुपातून कुंडीत सांडलेली.

"तुले ठाऊक होतं?"

"फुलाले हात लावला तवाच."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू रोज त्याच्यासंग बोलून राहिला होता. म्हटलं, बोलू दे. अन् शेंगा मले बी आवडतात."

मला हसू आलं आणि लगेच फार वाईट वाटलं. आई आता जाणार, आणि तिचा खुळखुळा मीच माझ्या हातानं उपटून फेकला होता. डोळे भरून आले.

तेवढ्यात बेल वाजली. दारात शबाना भाभी, हातात वाळक्या शेंगांचा झुबका. "वो पौधे फेके थे ना आपने? मैंने दीवार के पास लगा दिए. अब बच्चे बजा बजा के कान खा रहे. अम्मा पूछते थे ना, इसलिए लाई."

आईनं झुबका कानाशी नेऊन हलवला. कितीतरी वेळ हलवत राहिली. मग साठी ओलांडलेल्या लेकाचा, म्हणजे माझा, हात ओढला आणि मनगटाला तो झुबका बांधला. "रडू नको आता," म्हणाली.

भाभी जिना उतरता उतरता थांबल्या. "भाईसाब, अगले साल भी कचरा निकला तो नीचेच फेकना."