बिनअस्तराची झूल

सगुणाकाकीला क्षमा करता येत नाही, हे आमच्या मिरजोळ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मला विचाराल तर तिचा हा सर्वांत चांगला गुण. क्षमाशील माणसांच्या घरून लोक परात नेतात आणि वर्षभर परत आणून देत नाहीत. काकीकडून नेलेली सुईसुद्धा संध्याकाळच्या आत परत येते.

वीस वर्षं ती इथल्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर होती. नवरा दत्ताराम भाट्याच्या किनाऱ्यावर पोरांना घोडीवरून फिरवायचा आणि लग्नसराईत नवरदेवांना मिरवायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मागे राहिली मोगरी, पांढरीशुभ्र घोडी. विधवा बाईने नवरदेवाच्या घोडीचा लगाम धरावा का, यावर गावात बरीच चर्चा झाली. मोगरी दुसऱ्या कुणाबरोबर चार पावलंही चालेना, तेव्हा चर्चा आपोआप संपली.

मोगरी दिसायला देखणी, पण कातडी तान्ह्या पोरासारखी. पांढऱ्या केसांखाली नुसती गुलाबी. साधी झूल दोन तास अंगावर राहिली की खांद्यावरचे केस उडायचे, आणि पायांत घुंगरांचे पट्टे बांधले की खुरांच्या वर लाल वळ उठायचे. दत्ताराम खोबरेल लावून गप्प बसायचा. काकी शिवणारी बाई. तिने आधी झूल उलटी करून कुठे काय टोचतं ते तळहाताने चाचपून पाहिलं. मग आपलं लग्नातलं सुती पातळ फाडलं. तीस वर्षं धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याचं अस्तर लावलं, आणि घोडीचं पाऊल पुढे पडतं तिथे, खांद्यापाशी, झुलीला ऐसपैस चुण्या घातल्या. पायातल्या पट्ट्यांची शिवण तिने बाहेरच्या बाजूला घेतली, आत फक्त मऊ कापड. पट्टा बांधला की त्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, नाहीतर सोडून परत बांधायचा. किनाऱ्यावरून आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवायचे, खुरांमागच्या खाचेतली रेती काढायची, पूर्ण सुकल्याशिवाय अंगावर काही घालायचं नाही, आणि तासाभराने झूल उचलून आत हात फिरवायचा. एवढ्यावर मोगरीने दोन लग्नसराया एकाही ओरखड्याशिवाय काढल्या.

मग ओमकार आला. ओमकार मुंबईहून परतलेला, पावसच्या बाजूला आमराईतली लग्नं लावून देण्याचा धंदा करणारा. लग्नं म्हणजे काय, तर ड्रोन, धूर आणि प्रत्येक वाक्यात ‘लुक’. त्याने घोडीसाठी मरून रंगाच्या मखमलीची जड झूल आणली होती, वर जरीचं काम, आरसे. काकीने आत बोट फिरवलं आणि सांगितलं, “याला अस्तर लावल्याबिगर मी घोडीवर घालायची नाय.” दोन दिवस बसून तिने उरलेल्या पातळाचं अस्तर लावून दिलं.

लग्नाच्या दिवशी, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, ओमकारने पायातले पट्टे पाहिले आणि त्याला हसू आवरेना. “काकी, शिवण बाहेर? तुम्हाला उलट-सुलट कळत नाही वाटतं.” पाहुणेही हसले. मग तिला म्हणाला, “तुम्ही जेवून घ्या, माणसं घोडी सजवतील.” ती पंगतीला बसली. पान वाढलेलं सोडून उठू नये म्हणून ती उठली नाही, आणि हे तिला आजही सलतं.

वरात चार तास चालली. घाम, खारा वारा, वर मखमल. मोगरी कातडी थरथरवत होती, पाय आपटत होती. काकीने तीनदा झूल उचलून पाहायला मागितली. तीनदा उत्तर मिळालं की शूटिंग चालू आहे. वरात संपल्यावर तिने झूल काढली तेव्हा खांद्यावरची कातडी झुलीबरोबर आली. पट्टे उलटवून, शिवण आत घेऊन, करकचून बांधलेले. खाली मांस दिसत होतं. अस्तर जनरेटरजवळ उष्ट्या पत्रावळींत सापडलं. ओमकार म्हणाला, “कडेने पांढरं दिसत होतं. शिवाय अस्तराने ड्रोनमध्ये जाड दिसतं.”

ते अस्तर काकीने उचललं, घरी आणून धुतलं, आणि घडी करून पेटीत ठेवलं. एवढ्यावर कदाचित ती भांडून मोकळी झाली असती. पण घोडीचे फोटो पाहून लोकांनी ओमकारकडे बोट दाखवलं, तेव्हा त्याने लग्नवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं की त्या घोडीला खरूज आहे, कुणी बोलावू नका. झालं. खरजेच्या घोडीवर कोण नवरदेव बसवणार? दिवाळीनंतरच्या लग्नांची एकही सुपारी आली नाही. लांज्याचा एक व्यापारी घोडी विकत मागायला दोनदा दारात येऊन गेला. काकीने जखमा धुतल्या, डॉक्टरांचं मलम लावलं, केस येईपर्यंत अंगावर दोरासुद्धा टाकला नाही. मी एकदा म्हटलं, “सोडून दे, देव बघून घेईल.” ती म्हणाली, “देवाला शिवण येत नाय.”

आणि या मार्चमध्ये ओमकार स्वतः दारात उभा, काखेत तीच मखमलीची झूल. त्याचं स्वतःचं लग्न ठरलं होतं, आणि होणाऱ्या बायकोला, तेजलला, पांढरीच घोडी हवी होती. पांढरी एकच. खरजेचं काय झालं, हे ना त्याने काढलं ना काकीने विचारलं.

“घोडी येईल,” ती म्हणाली. “पण ती मखमल आता तिच्या अंगाला लागायची नाय. त्यापरीस तुमालाच शेरवानी शिवून देते तिची. नवरा मखमलीत, घोडी पांढऱ्यात. फोटो बगा कसा येतोय तो.”

त्याचे डोळे चमकले. मी तिथेच तांदूळ निवडत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलं. काकीने माप घेताना विचारलं, “अस्तर लावू ना?”

“नको हो. जाड दिसतं.”

“शिवण बाहेर घेऊ की आत?”

“आतच, काकी! माणसाची आहे शेरवानी.”

“गळा जरा सैल ठेवू? दोन बोटं जातील एवढा?”

“फिट पाहिजे. एकदम फिट.”

तिने तीनदा विचारलं. तिच्या बाजूने मी कुठेही साक्ष द्यायला तयार आहे. मग तिने ती झूल धुतली, कापली आणि इतकी सुबक शेरवानी शिवली की शिंप्याने पाया पडावं. मापात कसूर नाही, टाक्यात लबाडी नाही. जे मागितलं तेच दिलं.

मे महिना. दुपारी चारची वरात. गंजीने जाड दिसतं म्हणून नवरदेवाने ती घातलीच नव्हती. मोगरी पांढऱ्या सुती झुलीत मजेत चालत होती, अस्तर तेच, पत्रावळींतून उचललेलं. काकी मधूनच झुलीखाली हात घालून बघायची. पहिल्या अर्ध्या तासात ओमकारने मान दोनदा फिरवली. तासाभराने हात अंगापासून लांब धरले, उन्हात बसलेल्या कोंबडीसारखे. थांबून कॉलर सोडतो म्हणाला, तर त्याच्याच कॅमेरावाल्याने ओरडून सांगितलं, “सर, शूटिंग चालू आहे!” मला वाईट वाटायला हवं होतं. मी मुद्दाम मनात शोधून पाहिलं, कुठे सापडलं नाही.

मांडवाच्या दारात तो उतरला आणि कशाचीही पर्वा न करता शेरवानी ओरबाडून काढली. गळ्याभोवती लालभडक पट्टा, काखा सोललेल्या, पाठीवर प्रत्येक शिवणीचा वळ. तेजलची आत्या प्रभावतीबाई ओवाळायला पुढे आली होती, ती तबक घेऊन दोन पावलं मागे सरली.

“अगो बाय,” ती म्हणाली, “नवऱ्याला खरूज हाय काय?”

तेजल दारातच थांबली. ओमकारचा चेहरा मखमलीच्या रंगाचा झाला.

“खरूज नाही हो! घासलंय नुसतं. काकी, तुम्ही सांगा ना यांना.”

काकीने लगाम एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मी काय सांगू? मला उलट-सुलट कळत नाय.”

“काकी, प्लीज.”

“तुमीच सांगा. मोठ्यानं सांगा, सगळी लग्नवाली इतंच हायत.”

तो थुंकी गिळून म्हणाला, “खरूज नाही. आत अस्तर नव्हतं, म्हणून घासलं.”

“कुणाला?”

“मला.”

काकी हलली नाही. मोगरीही नाही. प्रभावतीबाईच्या तबकातलं निरांजन वाऱ्याने फडफडत होतं. कॅमेरा चालूच होता.

“आणि मोगरीला,” तो म्हणाला. “गेल्या वर्षी. तिलाही खरूज नव्हती. अस्तर मी काढायला लावलं होतं.”

तेजलने त्याच्याकडे पाहिलं, मग घोडीकडे. पुढे येऊन तिने आधी मोगरीच्या कपाळाला कुंकू लावलं.

काकीने घोडी वळवली. जाता जाता ओमकारला म्हणाली, “गोड्या पाण्यानं धू. कोरडं ठेव. आनि केस येईस्तोवर वर काय घालू नको.”