तिसरी पाकळी

देवावर माझा विश्वास नाही, असं मी देवीच्या गाभाऱ्यासमोर उभा राहून भटजींना सांगितलं आणि लगेच प्रसाद लावायला सांगितला.

(प्रसाद म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आमच्या पेडण्यात लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच ठरतं, आणि डिचोलीच्या शाळेत विज्ञान शिकवताना मी त्यावर वर्षानुवर्षं तोंडसुख घेत आलोय!)

प्रश्न मुलीचा होता. मृणालला पुण्यात नोकरी लागली होती. एकुलती एक पोर. ‘जाऊ नको’ म्हणायला माझ्याकडे एकही धड कारण नव्हतं, म्हणून मी देवीला मध्ये घातली.

“तुमी देवीक केन्नापासून मानूक लागल्यात?” बायकोने विचारलं.

“मी कुठे मानतो? तुमच्या समाधानासाठी!”

“आमी समाधानीच आसात. काल पेडेय वाटले!”

‘पोरीने पुण्याला जावं काय?’ असं भटजींनी गाऱ्हाणं घातलं. पाकळी पडली. उजवी!

“पंख्याचा वारा,” मी म्हणालो. “पंखा बंद करा.”

पंखा बंद झाला. सगळे घामाघूम होऊन बघत राहिलो. पुन्हा उजवी!

“डाव्या पाकळीला पाणी जास्त लागलंय. म्हणून ती चिकटून बसली.”

भटजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. “मास्तर, देवीचो कौल आयकूक आयल्यात, काय तिका शिकवूक?”

तरी बिचाऱ्यांनी तिसऱ्यांदा लावला. डावी पडली! मी झटकन हात जोडले.

“देवीची इच्छा! ती मोडणारे आपण कोण?” मी म्हणालो.

मागे उभी असलेली मृणाल शांतपणे म्हणाली, “बाबा, पयल्या दोन पाकळ्यांक तुमी वारो बघितलो, पाणी बघितलें. हिका कित्याक कायच बघूक ना?”

नको ते उत्तर आलं की जेवढं तपासता, तेवढंच हवं ते आलं तरी तपासा, हे नववीच्या वर्गात तिला मीच शिकवलं होतं. शेवटी म्हणालो, “तू गेलीस तर मला घरात करमणार नाही गं. एवढंच आहे.”

“मगे पयलींच तशें सांगचें न्ही!” ती हसली. पण तिचे डोळे भरले होते.

रविवारी ती पुण्याला गेली. मी हल्ली वर्गात भाविकांची टिंगल जरा जपूनच करतो. कारण ती तिसरी पाकळी पडल्यापासून मुलीने तोंड उघडेपर्यंत अख्ख्या पेडण्यात माझ्याइतका भाविक माणूस दुसरा नव्हता!