दाराजवळचा पाट

हिवरखेड सोडलं त्या सकाळी मी दाराजवळ पाट ओढून जेवले, कारण अकोल्याची मोटर केव्हाही आली असती. शेजारी पत्र्याची ट्रंक होती. धाकटी कमल मात्र चुलीपाशी आईला चिकटून, रोजच्या जागी, कोरडी भाकर खात होती. भाकरीला वरण लागलं की ती ताट लोटून द्यायची.

"तू हुशार हायेस, मावशीकडे निभावशीन," आई म्हणाली. "हिले माह्याबिगर कोन हाये?" हुशारीची अशी शिक्षा मी दुसरीकडे पाहिली नाही. गावात सातवीपर्यंत शाळा होती, तरी मला पाचवीलाच धाडलं.

कमल बोलत नसे, नजरेला नजर देत नसे. गाव तिला वेडी म्हणे. आज त्याला ऑटिझम म्हणतात. शाळेची घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजला की ती कान दाबून घराकडे पळायची. शेवटी गुरुजींनी घंटेचा हातोडा तिच्याच हाती दिला. "आपल्या हातानं वाजवली त भेव नाही वाटत," ते आईला म्हणाले. खरंच, ती घंटा वाजवून मुकाट वर्गात बसू लागली. खिडकीखालची जागा तिची, उत्तर पाटीवर लिहून दाखवलं तरी चाले.

अकोल्यात घंटा शिपाई वाजवायचा. मी गप्प बसले की बाई म्हणत, किती शहाणी पोर. सुट्टीत घरी आले की आई कमलच्या घंटेचंच कौतुक सांगे आणि माझ्या पोटात दुखे. खोटं कशाला बोलू, अजून दुखतं. तिच्यासाठी अख्खी शाळा बदलली, माझ्यासाठी कुणी काहीच बदललं नाही.

पहिल्या दिवाळीला मी हट्टानं आईजवळ, चुलीपाशी बसले. कमलनं दंड धरून मला उठवलं, पाट दाराजवळ ठेवला आणि ट्रंक ओढत आणून शेजारी मांडली. आई हसली. "तिच्या मनात तू अजून मोटरीसाठी निघूनच राहिली," म्हणाली. मी न जेवता उठले.

आता आई नाही. मी पुण्यात असते, कमल हिवरखेडच्या घरीच, चुलतभावाच्या मुलाकडे. गेल्या खेपेला एक पाहुणे त्या पाटावर जेवायला बसले, तर कमलनं त्यांना भरल्या ताटावरून उठवलं.

"आत्या, तुमी नसल्या तरी त्या रोज मांडतात हा पाट," भाचेसून म्हणाली.

मी बसले. कमलनं माझी बॅग शेजारी आणून ठेवली आणि आपल्या जागी गेली. माझं घर आता त्या पाटाएवढं आहे. चुलीजवळची जागा अजून तिचीच, आणि तिचा हेवा मला वाटतोच.