सिंधूच्या गावचे पाहुणे

सिंधू गेल्याचं मला कळलं ते व्हॉट्सॲपवर, आणि तेही आमच्या इंदिरानगरच्या योगवर्गाच्या ग्रुपवर. कुणीतरी कुठूनतरी आलेला मेसेज पुढे ढकलला होता. तिचा डोळे अर्धवट मिटलेला एक जुना फोटो, भोवती कमळांची चौकट आणि खाली 'निसर्गकन्या अनंतात विलीन'. मी गवार मोडत बसले होते. खरं सांगायचं तर आधी रडू आलं नाही, आधी संताप आला. डी.एड.च्या वसतिगृहापासूनची मैत्रीण, तिच्या जाण्याची बातमी मला सूर्यनमस्काराच्या वेळापत्रकाखाली वाचावी लागली याचा संताप, आणि दुसरा त्या 'निसर्गकन्या' शब्दाचा. तिला कुणी तोंडावर असं म्हटलं असतं तर तिनं त्याला समोर बसवून विचारलं असतं, की मग बाकीचं गाव कुणाची लेकरं? थोड्या वेळानं तिच्या धाकट्या जावेचा, हिराबाईचा फोन आला. "ताई, सकाळधरनं लावते, रेंजच नाय. आक्का गेली." तेव्हा मात्र गवार तशीच राहिली...

याला आता दीडेक महिना होऊन गेला. सिंधू नाशिकहून पेठच्या पलीकडे, डोंगरातल्या एका गावात राहायची. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर येत्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागेल आणि मला हिराबाईची बोलणी खावी लागतील. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करून सिंधू निवृत्त झाली. नवरा आधीच गेलेला, मुलगा महेश नाशिकला, अंबडच्या कंपनीत. तो बिचारा तिला नाशिकला ये, नाशिकला ये म्हणून थकला. ती यायची, दोन दिवस राहायची, त्याच्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीशी भांडायची आणि परत जायची. भांडणं हा तिचा स्वभाव होता. श्रद्धांजलीच्या भाषणांत तिला जे शांत, सोशिक वगैरे म्हटलं गेलं, ते बोलणारी माणसं तिला कधी भेटलेलीच नसावीत.

त्या गावाला ओढा आहे, ओढ्याकाठी मोठी झाडं आहेत, आणि मे संपता संपता त्या झाडांवर काजवे येतात. गावाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. शहरातल्यांना वाटू लागलं. कुणीतरी व्हिडिओ टाकला आणि गाड्या थेट ओढ्यात उतरायला लागल्या. मोठ्यानं गाणी, फुटलेल्या बाटल्या, झाडावर रोखलेले हेडलाइट. काजवे बघायला यायचं आणि दिवे लावून बघायचं, हे अजूनही माझ्या डोक्यात शिरत नाही. गावात रस्ता अडवायचं ठरत होतं. सिंधू म्हणाली, अडवलात तर माळावरून येतील. त्यापेक्षा येऊ द्या, पण आपले पाहुणे म्हणून येऊ द्या. पाहुण्याला घरचे नियम पाळावे लागतात. मग शाळेच्या व्हरांड्यात बैठकांवर बैठका झाल्या. गाड्या वेशीवर. पुढे चालत, दिवा न लावता, गावातल्या माणसाबरोबर. मुक्काम लोकांच्या घरी, पण पाळीनं, म्हणजे आज या घरी तर उद्या त्या. जेवायला घरात जे शिजलं असेल ते, नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण. प्रत्येक बाबतीत सिंधूचं पालुपद एकच, 'गाव ठरवील तसं'. मला वाटायचं, ही म्हणायची पद्धत आहे. ठरवणार तर हीच.

पहिल्याच वर्षी मी आणि आमचे हे गेलो. नवी गाडी घेतली होती आणि ती सिंधूला दाखवायची यांना हौस. वेशीवर सिंधू हात आडवा धरून उभी. "दाजी, गाडी इथंच लावा." हे म्हणाले, "अहो, चढ आहे, हिचे गुडघे दुखतात." "गुडघ्यांना मी धरून नेते. गाडीला नेत नाही." यांनी आयुष्यात वाहतूक पोलिसाचं इतकं निमूट ऐकलं नसेल. पुढचा सगळा चढ ते माझ्या कानाशी पुटपुटत होते, की तुझ्या मैत्रिणीला माणुसकी नाही, ओळख नाही, पाळख नाही. मलाही तेच वाटत होतं. चाळीस वर्षांची मैत्री आणि मला रांगेत चालवते! ओढ्याशी पोहोचलो तेव्हा एक अख्खं झाड उजळत होतं, विझत होतं, आणि ते विझलं की शेजारचं उजळत होतं. हे काही बोलले नाहीत. आमच्या संसारात असे प्रसंग फार आलेले नाहीत.

दोनतीन वर्षं बरी गेली आणि मग गर्दी गावाच्या हाताबाहेर जायला लागली. पाळीनं असले तरी पाहुणे वाढतच होते. ओढ्याकाठची माती पायाखाली दगडासारखी झाली. मुलांना दाखवायला म्हणून लोक फांद्या हलवायचे, बाटलीत काजवे भरायचे. सिंधूनं बैठकीत मांडलं, की एक पूर्ण हंगाम बंद ठेवू. योगायोगानं त्या बैठकीला मी तिथे होते, व्हरांड्याच्या कडेला बसून ऐकत होते. सिंधू शिक्षिकेसारखी छान बोलली. मादी जमिनीलगत अंडी घालते, माती तुडवली तर पुढच्या वर्षी काजवा कुठून येणार, वगैरे. सगळे माना डोलवत होते. मग हिराबाई उठली. "बंद करा म्हनायला तुला काय जातं, आक्का? तुला पेन्शन हाय. पाहुणे यायला लागले तवापासून मी द्राक्षाच्या कामाला दिंडोरीला गेले नाय. दर साली जायचे. पोरगी संगं जायची, शाळा बुडायची. औंदा ती नववीत हाय. आता तू सांग, कुनाची अंडी जपू?" हात वर करायला सांगितले तेव्हा सगळं गाव हिराबाईच्या बाजूनं होतं. सिंधूच्या बाजूला तिचा एकटीचा हात. मीही वर करणार होते, पण सिंधूनं असं बघितलं की हात मांडीवरच राहिला. मी त्या गावची नव्हते.

घरी येताना मी तिच्यावर चिडले. "तू बरोबर होतीस. तुला दिसतंय ना ते? मग गप्प का बसलीस? तू जरा आवाज चढवला असतास तर ऐकलं असतं त्यांनी." ती चपला हातात घेऊन ओढा ओलांडत होती. म्हणाली, "ऐकलं असतं. माझेच विद्यार्थी आहेत निम्मे. पण गाव ठरवील तसं, असं मीच म्हणत होते ना इतके दिवस? ते काय गाव माझ्या मनासारखं ठरवील तेवढ्यापुरतंच?" असल्या माणसाबरोबर भांडताही येत नाही.

तो हंगाम तिनं संध्याकाळी संध्याकाळी वेशीवर उभं राहून काढला. गावानं चालू ठेवायचं ठरवलं ना, मग नीट चालवू, असं तिचं. आणि त्यातच एका शनिवारी हिराबाईनं आपल्या पाळीला ठरल्यापेक्षा दुप्पट माणसं घरात घेतली. घर भरलं, ओटा भरला, गोठ्यातसुद्धा पथाऱ्या पडल्या. दुसरं कुणी असतं तर भिंतीला भिंत लागलेल्या जावेचं झाकून नेलं असतं. सिंधूनं पुढच्या बैठकीत नाव घेऊन सांगितलं. नियमाप्रमाणे हिराबाईची पुढची पाळी गेली. त्यानंतर वर्षभर हिराबाई तिच्याशी बोलली नाही. एका अंगणात दोघींच्या चुली, एका दोरीवर दोघींची लुगडी, आणि बोलणं शेळीमार्फत. "काय गं, लोकांच्या दारात कशाला जातीस, तिथं कायदे असत्यात," असं हिराबाई शेळीला सांगायची. सिंधू कोंबड्यांना उत्तर द्यायची. मी वड्यांचा डबा घेऊन मुक्कामाला गेले की दोघींच्या मध्ये टपाल होऊन बसायचे. एकदा वैतागून दोघींना म्हटलं, की मी यापुढे येणार नाही. त्यावर दोघी एकाच वेळी म्हणाल्या, "मग वड्या कोण आणणार?" आणि एकमेकींकडे न बघता आत गेल्या.

पुढच्या वर्षी ओढ्याकाठी काजवे थोडेच आले. पाहुणे अंधारात उभे राहून विचारू लागले, कुठायत? हिराबाईच्या घरी उतरलेल्या एका कुटुंबातली म्हातारी म्हणाली, "बाई, एवढ्या लांबून आम्हाला काय अंधार दाखवायला आणलंत?" ते हिराबाईला फार लागलं. हे मला नंतर तिनंच सांगितलं. हंगाम संपल्यावरच्या बैठकीत ती परत उठली. "वढ्याकाठची झाडं आता कुनालाच दाखवायची नाय. वरच्या माळावरची दाखवू, तीपन लांबूनच. आन् घरटी माणसं निम्मी." व्हरांड्यातलं प्रत्येक डोकं सिंधूकडे वळलं. ती खाली बघून पदराच्या काठाचा सुटलेला दोरा काढत बसली होती. ठराव झाला, हात वर झाले, तिचाही झाला, आणि बैठक मोडली.

मी फोनवर तिला झाडलीच. म्हटलं, "अगं, हेच तू आधी ओरडून सांगत होतीस! निदान बरोबर आहे एवढं तरी म्हणायचंस. मान मिळाला असता." ती म्हणाली, "म्हटलं असतं तर तो ठराव माझा झाला असता. मग मी मेल्यावर मोडला असता." मी म्हटलं, "कुठे मरतेस एवढ्यात." तिचं उत्तर ऐकू आलं नाही, नेहमीप्रमाणे रेंज गेली.

गेल्या जूनमध्ये ओढ्याकाठी पुन्हा काजवे दिसले म्हणे. पूर्वीइतके नाहीत, पण होते. आम्हाला अर्थात दाखवले नाहीत.

शेवटी शेवटी तिचं हृदय दमलं. नाशिकच्या दवाखान्यात होती तेव्हा मी रोज जायचे. खाटेशी हिराबाई बसलेली असायची. दोघी पुन्हा कधी बोलायला लागल्या, ते मला कुणीही सांगितलं नाही. हिराबाई वरईची पेज भरवायची आणि सिंधू मीठ कमी आहे म्हणून कटकट करायची. "खा मुकाट्यानं. घरात जे शिजंल ते खायचं, तूच केलायस ना कायदा?" हिराबाई म्हणायची, आणि सिंधू तोंड उघडायची. मी तिला शेवटचं पाहिलं ते असं, हनुवटीवर पेजेचा ओघळ आणि कपाळाला आठी.

नाशिकला शोकसभा झाली. एका गृहस्थांनी सिंधूचं स्मारक म्हणून गावाच्या वेशीवर कमान बांधायची घोषणा केली. कमानीवर विजेचे काजवे लुकलुकणार, खाली फोटो काढायला जागा. टाळ्या पडल्या. हिराबाईला बोलायला सांगितलं तर ती उभी राहिली, "आमी गावात इचारून सांगतो," म्हणाली आणि बसली. गृहस्थ अजून उत्तराची वाट बघताहेत. बघोत.

गेल्या आठवड्यात मी गेले. मला तिच्या खोलीत थोडा वेळ एकटीनं बसायचं होतं, दुसरं काही नाही. महेशनं खोलीला कुलूप लावून ठेवायचं म्हटल्याचं माहीत होतं, म्हणून किल्ली मागायची असंही मनाशी ठरवलं होतं. भर दुपारी घामानं निथळत दाराशी पोहोचले तर दार सताड उघडं. आत सिंधूच्या खाटेवर कुणी एक परकी बाई बसून आपल्या मुलीची वेणी घालत होती. माझ्याकडे बघून हसली. "तुम्हीपण आजच आलात का? तुम्हाला कुठलं घर मिळालंय?" मी पाहुणी नाही, असं जिभेवर आलं होतं... तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून हिराबाई ओरडली, "ताई, चपला भायेर! आज आक्काच्या घराची पाळी हाय. तुमी माझ्याकडं या."

"अगं पण महेश कुलूप लावणार होता ना?"

"त्यो म्हनत व्हता. आमी इचारलं त्याला, गावातलं एक घर पाळीतून कसं काय वगळायचं?"

मी पिशवी उचलली. इतक्या लांबून यायचं, आणि घटकाभर रडायलाही जागा मिळू नये, असं मोठमोठ्यानं कुरकुरत हिराबाईच्या ओट्यावर जाऊन टेकले. तिनं तांब्याभर पाणी पुढे ठेवलं आणि नागली पाखडायला बसली. भिंतीपलीकडे खिडकी धाडकन आपटली, आणि त्या बाईचा आवाज आला, "हळू गं. हे कुणाचंतरी घर आहे."