चाव्या माझ्या हातात होत्या

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं केलं ते रूम दाखवायचं काम. कोपरखैरण्यातली एक सोसायटी, चौथा माळा, वन बीएचके. पार्टी म्हणजे बँकेत कामाला असणाऱ्या एक बाई. वडील वॉकरवर चालणारे, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचे. बाईंनी फोनवरच सांगितलं होतं, "काका, लिफ्ट असेल तरच दाखवा. नाहीतर माझा हाफ डे फुकट जाईल." मी म्हणालो, "लिफ्ट आहे." लिफ्ट होतीच. सात महिने बंद होती, तेवढं मी बोललो नाही.

बाईंनी बटण दाबलं, काही हललं नाही. मी म्हणालो, "आजच बंद पडलीय. मेकॅनिकला फोन केलाय." वॉचमन दुसरीकडं बघायला लागला; माझी बायको मागं, अजून गेटपाशीच होती. हे बोलायला मला विचार करावा लागला नाही, आणि तशी गरजही नव्हती. दुसऱ्या रूमा होत्या माझ्याकडं. पण तीस वर्षं एजंटगिरी केली की अशी वाक्यं जिभेवर तयारच असतात, पानवाल्याच्या बोटाला चुना असतो तशी.

आम्ही जिना चढायला लागलो. दुसऱ्या माळ्यावर माझ्या बायकोनं चाव्यांचा जुडगा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तुमी व्हा पुढं." तिसऱ्या माळ्यावर ती भिंतीला हात लावून, मान खाली घालून दम घेत उभी राहिली. "लिफ्ट आजच बंद पडली ना?" बँकेतल्या बाईंनी विचारलं, मी "आजच" म्हणालो, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. तिच्या तोंडाकडं बघत होत्या, बराच वेळ. ती काही बोलली नाही. मग बाई मला म्हणाल्या, "ठीक आहे काका, दाखवा रूम." ती तिथंच पायरीवर बसली, आम्ही दोघं वर गेलो. बाईंना रूम पसंत पडली. त्यांनी टोकनचे पैसे दिले आणि वडिलांना दवाखान्यातून घ्यायचंय म्हणून घाईनं निघून गेल्या.

त्या तिच्या तोंडाकडं का बघत होत्या, हे कळायला ती कोण होती ते सांगावं लागेल.

आमच्या सगळ्या सेक्टरमध्ये तिला चावीकाकू म्हणायचे. घरमालक लोक चाव्या माझ्याकडं देत नव्हते, तिच्याकडं देत होते. त्या अडकवायला तिनं घरच्या जुन्या पाळण्याची लोखंडी कडी काढून घेतली होती. मी चौथी शिकलो, ती शाळेत गेलीच नाही. त्यामुळं चावीवर नंबर लिहून उपयोग नव्हता. प्रत्येक चावीला तिनं वेगवेगळ्या ब्लाऊजची चिंधी बांधली होती. हिरवी ठिपक्यांची म्हणजे डॉक्टरांची रूम, जांभळी म्हणजे दुबईवाल्याची. चाळीसेक चाव्या असतील. एकदाही चुकीचं कुलूप तिनं हाताळलं नाही.

तिची एक सवय होती. मी खोटं बोललो की तिचे हात त्या कडीवर फिरायला लागायचे. मी म्हणायचो, पाणी चोवीस तास, की खळ्ळ. मालक म्हणजे देवमाणूस, खळ्ळ. दुसरी एक पार्टी संध्याकाळी टोकन घेऊन येतेय, खळ्ळ खळ्ळ. मी एकदा चिडून म्हणालो, मुद्दाम करतेस काय? तर म्हणाली, "हाताला चालत नाय, काय करू?" पार्ट्यांना हे हळूहळू समजलं. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. काकांचं ऐकू नको, काकूंच्या चाव्या ऐक. काकू गप्प असल्या तर डोळे झाकून रूम घे. बँकेतल्या बाईंना त्यांच्या मैत्रिणीनं हेच सांगून पाठवलं होतं.

आम्ही इथलेच, खाडीकाठचे. जमीन गेली, मी तुर्भ्याला कंपनीत लागलो, कंपनी बंद पडली. मग जिन्याखाली एक टेबल टाकलं आणि एजंट झालो. भांडवल लागत नाही, तोंड लागतं. ते मला होतं. मी तिला समजवायचो की धंद्यात थोडं इकडचं तिकडं बोलावं लागतं, त्याला खोटं म्हणत नाहीत, ते मिठासारखं असतं. हे मी चुकीच्या बाईला सांगितलं. तिचा बाप मिठागरावर राबलेला. ती म्हणाली, "मिठाचं मना नका शिकवू. मीठ जास्त झालं तर जेवनाऱ्याला पयल्या घासाला कळतं. तुमचं त्याला कळतं राहायला गेल्यावर."

राग आला की ती मला 'एजंट' म्हणायची. एरवी 'अवो'.

नवी मुंबईत कुठलीही रूम स्टेशनपासून पाच मिनिटांवर असते. सगळेच एजंट सांगतात, मीही सांगायचो. एक दिवस ती भाजीची पिशवी घेऊन स्टेशनपासून आमच्या एका बिल्डिंगपर्यंत चालत आली, घड्याळ बघून. घरी येऊन म्हणाली, "चौदा. पाच मिनिटं तुमाला चपला शोधायला लागतात." त्यानंतर मी पार्टीला पाच म्हणालो की मागून एवढंच यायचं, "चौदा." तेही शांतपणे, भाव सांगितल्यासारखं. रूममध्ये शिरली की आधी बेसिनचा नळ सोडून पाणी ओंजळीत घ्यायची, तोंडात घोळवायची, थुंकायची. मग भिंतीला हाताचा पालथा पंजा लावत चारी बाजू फिरायची. ओल असली तर पार्टीचा हात धरून तिथं टेकवायची. बोलायची नाही.

एका रूममध्ये एक म्हातारे गृहस्थ झोपेत वारले होते. दोन महिन्यांनी एक मुलगी रूम बघायला आली, एकटी राहणारी, नोकरी करणारी. तिला रूम आवडली. ही म्हणाली, "बाय, हितं एक म्हातारे गेले. झोपेत गेले, चांगलं मरन होतं. पन तुला ठाव असू दे." मुलगी निघून गेली ती परत आली नाही. मालकाला कळलं, त्यानं चावी मागून घेतली. मी घरी खूप बोललो. काय गरज होती? कुणी विचारलं होतं? ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, "उद्या शेजारीन सांगल. मंग ती पोर एकटी भिऊन मरल. त्यापरीस आज जाऊ दे." मालकाला चावी देताना तिनं चिंधी सोडून ठेवून घेतली होती. चिंधी आपली, म्हणाली.

दोनदा मी तिला घरी बसवलं. म्हणालो, तू येऊ नकोस, धंदा बुडतो. ती बसली, भांडली नाही. पण पार्ट्या फोन करून विचारायच्या, काकू येणार आहेत का? नसतील तर पुढच्या आठवड्यात येतो. दोन्ही वेळा मीच म्हणालो, चल. म्हणजे लोक तिच्या खरेपणाला यायचे आणि त्यात मी माझं खोटं खपवायचो. ती नसती तर माझं एकही वाक्य कुणी विकत घेतलं नसतं. हे मला आता दिसतं. तिला तेव्हाच दिसत असणार.

ती कधी खोटं बोललीच नाही असं नाही. एक घटस्फोट झालेली मुलगी रूम शोधत होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, एकट्या बाईला आम्ही देत नाही, मागून प्रॉब्लेम होतात. माझी बायको त्यांच्या तोंडावर म्हणाली, "एकटी कशी? माझ्या बहिनीची पोर हाय ती. मी हाय ना." तिला बहीणच नव्हती. चाव्या जरासुद्धा वाजल्या नाहीत, मी कान देऊन होतो. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "आता? हे चालतं का तुला?" म्हणाली, "हे मी निस्तरीन. तुमचं दुसऱ्याला निस्तरावं लागतं." आणि निस्तरलं तिनं. तीन वर्षं त्या मुलीला दिवाळीचा फराळ नेऊन दिला, सोसायटीच्या सत्यनारायणाला मावशी म्हणून पुढं बसली, सेक्रेटरींच्या बायकोला नसलेल्या बहिणीच्या दुखण्याच्या गोष्टी सांगितल्या. मी हसायचो. ती म्हणायची, "हसा. एका खोट्याला किती राबावं लागतं बघा. तुमी दिवसाला धा बोलता आनि घोरत पडता."

गेल्या काही महिन्यांत तिला जिना चढताना दम लागायचा. तिनं मला ते सांगितलं होतं. लपवलं नाही, फिरवून बोलली नाही. "अवो, मना दम लागतो," इतकं सरळ. मी म्हणालो, वय झालं. तिचं खरं मानायची सवय पार्ट्यांना होती. मला नव्हती.

तर त्या दिवशी बँकेतल्या बाई गेल्यावर आम्ही सोसायटीच्या गेटसमोर सोडा प्यायला थांबलो. तिनं अर्धाच प्यायला आणि ग्लास माझ्यापुढं सरकवला.

"तुमी त्या बाईला आज बंद पडली म्हनून सांगितलं."

"तू ऐकलंस की."

"ऐकलं. पन बोलायला छातीत वारा नव्हता. आनि ती माझ्या तोंडाकडं बघत होती."

"मग काय झालं?"

"काय झालं काय? मी गप, म्हनजे तिला वाटलं खरं हाय. तुमचं खोटं आज माझ्या तोंडानं गेलं, एजंट."

मी म्हणालो, "उद्या सांगू."

"उद्या सकाली. तिनं सामान बांधायच्या आधी. त्या म्हाताऱ्याला हप्त्यातून तीनदा कोन उचलून खाली आननार हाय? तुमी?"

"बरं."

"बरं नाय. सकाली. मी पन येते."

घरी आलो. तिनं वरण-भात केला, दोघं जेवलो. ती आडवी झाली. चारला मी चहा करून नेला, तर ती गेलेली होती. डॉक्टर आले. मी त्यांना जिन्याचं सांगितलं. म्हणाले, "काका, जिन्याचा काही संबंध नाही, हे व्हायचंच होतं. त्यांना काही कळलंसुद्धा नसेल." मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ओळखीचं वाटलं. दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय, हे मी ज्या तोंडानं सांगतो तेच ते तोंड. माणूस भला आहे. पण चाव्या कुठं ठेवल्यात ते मला तेव्हा आठवत नव्हतं, नाहीतर वाजवल्या असत्या.

संध्याकाळी तिला नेलं. ती घटस्फोटवाली मुलगी आली आणि "मावशी, मावशी" करून रडली. सेक्रेटरी तिथंच उभे होते, ते तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सख्खी मावशी होती बिचारीची." मी ते खोडून काढलं नाही. ते खोटं तिचं होतं, तिनं निस्तरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, आंघोळ केली, टोकन खिशात घातलं. मुलगा कळंबोलीला असतो, तो कालपासून घरी होता. म्हणाला, "बाबा, सुतकात कुठं निघालात?" मी म्हणालो, "तुझ्या आईचं एक काम राहिलंय." बँकेतल्या बाई राहत होत्या तिथं चालत गेलो. सुतक, म्हणून कुणाच्या उंबऱ्यात जायचं नव्हतं. गेटवरून फोन करून त्यांना खाली बोलावलं.

काय आधी बोलायचं हे मी वाटेत ठरवलं होतं. तिचं आधी सांगितलं असतं तर लिफ्टचं राहून गेलं असतं.

"बाई, लिफ्ट सात महिने बंद आहे. सोसायटीत भांडण चाललंय, आणखी वर्षभर तरी होत नाही. काल मी खोटं बोललो. हे तुमचं टोकन."

त्यांनी टोकन घेतलं नाही. "पण काकू तर गप्प होत्या!"

"तिला दम लागला होता. बोलता येत नव्हतं. आणि चाव्या माझ्या हातात होत्या."

"काका, मी इथल्या मालकांना काल रात्रीच सांगितलं रूम सोडते म्हणून. आता बाबांना घेऊन मी कुठे जाऊ? लाज नाही वाटत तुम्हाला?"

मी म्हणालो, "तळमजल्यावर एक आहे. पाणी सकाळी दोनच तास येतं. मागच्या भिंतीला ओल आहे. मालक किरकिऱ्या आहे. पायरी एकसुद्धा नाही."

त्या म्हणाल्या, "डायलिसिसचा दवाखाना तिथून किती लांब?"

"माहीत नाही. आज चालून बघतो आणि सांगतो."

"तुम्ही नका सांगू. तुमच्यावर विश्वास नाही माझा." त्यांनी टोकन माझ्या हातातून ओढून घेतलं. "काकूंना पाठवा. त्या दाखवतील तर बघते."

"ती येणार होती," मी म्हणालो. "काल चारच्या आत गेली."

बाईंनी फाटक धरलं आणि हळूच विचारलं, "जिन्यामुळे?"

डॉक्टरांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. तेच बोललो असतो तर त्या बाईंना बरं वाटलं असतं, मलाही.

"तीन माळे चढली होती," मी म्हणालो. "लिफ्ट बंद होती."